भात न सोडता मधुमेहाचे ताट कसे वाढावे

कोकणातल्या घरात कुणाला मधुमेह निघाला की पहिली कुऱ्हाड भातावर पडते. माणूस आठ-दहा दिवस निग्रहाने चपातीवर काढतो आणि मग एके दिवशी बांगड्याचे तिखले समोर आले की पूर्वीपेक्षा जास्त भात जेवतो. मला हे फार वाईट वाटते, कारण आपल्या किनाऱ्यावरच्या स्वयंपाकात मधुमेहाला मानवणारे पदार्थ मुबलक आहेत. चुकते ते प्रमाण, आणि ते मोजल्याशिवाय सुधारत नाही.

सुरुवातीचे तीन दिवस आहारात काहीही बदलू नये. सकाळच्या पेजेपासून रात्रीच्या भातापर्यंत जे पोटात जाते ते वहीत लिहावे. चहातली साखर, त्याबरोबरची बिस्किटे आणि जाता-येता तोंडात टाकलेले काजूसुद्धा. ही वही डॉक्टरांना किंवा आहारतज्ज्ञांना दाखवली म्हणजे औषध आणि जेवण यांचा मेळ घालणे त्यांना सोपे जाते.

त्यानंतर घरातली एक मध्यम वाटी भातासाठी कायमची ठरवावी. जिच्यात साधारण 100 ग्रॅम शिजलेला भात बसतो अशी वाटी घ्यावी. त्यात सुमारे 28 ग्रॅम कर्बोदके, म्हणजे रक्तात जाऊन साखर होणारा भाग, असतो. साधारण 40 ग्रॅम पिठाची नाचणीची भाकरीही जवळजवळ तितकीच कर्बोदके देते. नाचणीत तंतुमय भाग आणि कॅल्शियम भरपूर असल्यामुळे ती पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा निश्चित चांगली, परंतु "नाचणीने साखर वाढत नाही" या समजुतीने तीन-तीन भाकऱ्या खाणारे कितीतरी लोक आहेत. भाकरी घेतली तर तितका भात कमी करावा. घावणे, आंबोळी, रताळे आणि बटाटा यांचा हिशोबही भाताच्याच खात्यात मांडावा. एका जेवणाला किती वाट्या, हे वय, वजन, कष्टाचे काम आणि औषधे पाहून ठरते, म्हणून तो आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.

आता प्रत्यक्ष ताट. मनातल्या मनात त्याचे दोन भाग करावेत. अर्ध्या भागात भाज्या: पडवळ, दोडका, भेंडी, काकडीची कोशिंबीर आणि पावसाळ्यात टाकळा, भारंगी, शेवग्याचा पाला. उरलेल्या अर्ध्यात निम्मी जागा भाताला किंवा भाकरीला आणि निम्मी मासे, अंडी, उसळ किंवा कुळथाच्या पिठल्याला द्यावी. पुष्कळ घरांत भाताचा डोंगर आणि कडेला चमचाभर भाजी असे ताट वाढले जाते. ते उलटे करणे हेच खरे काम आहे. आधी भाजी व मासे, शेवटी भात, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर कमी चढते.

माशांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत. बांगडा आणि तारली स्वस्त असतात, त्यांत प्रथिने भरपूर असतात आणि त्यांची चरबी हृदयाला हितकर असते. मधुमेहात हृदयाचा धोका वाढत असल्याने याला महत्त्व आहे. मात्र रवा किंवा तांदळाचे पीठ लावून तेलात तळलेली तुकडी रोज नको. कालवण बरे, पण त्यातही नारळाचे वाटण बेताचे घालावे. मासेमारी बंद असलेल्या दिवसांत सुके मासे केले जातात, ते पाण्यात भिजवून दोन-तीनदा धुवावेत, कारण त्यातले मीठ रक्तदाब वाढवते.

कोकम सरबतात साखर असते, ते टाळावे. बिनसाखरेची सोलकढी छोटी वाटीभर चालते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर शहाळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये.

राहिला हापूस. मध्यम फळात साधारण 150 ग्रॅम गर आणि त्यात सुमारे 22 ग्रॅम कर्बोदके असतात, म्हणजे एक आंबा पाऊण वाटी भाताच्या बरोबरीचा. साखर आटोक्यात असेल तर अर्धे फळ फोडी करून खावे आणि त्या जेवणात भात कमी घ्यावा. आमरस नको, कारण वाटी भरताना दोन-तीन आंबे कधी संपतात ते कळत नाही.

हे सगळे जमते आहे की नाही, ते ग्लुकोमीटर सांगतो. बहुतेक प्रौढांसाठी उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी 180 मिलिग्रॅमच्या आत, हे सर्वसाधारण लक्ष्य असते; वृद्धांसाठी आणि गरोदर स्त्रियांसाठी ते वेगळे असते.

इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असताना संकष्टीचा उपवास केला, किंवा बागेतल्या कामात जेवण लांबले, तर साखर एकदम खाली येऊ शकते. हातपाय थरथरणे, दरदरून घाम येणे, डोके भणभणणे ही तिची लक्षणे. आकडा 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यावी, 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे, साखर वर आली नसेल तर तेवढीच पुन्हा घ्यावी आणि ती सावरल्यावर जेवावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ दवाखान्यात न्यावे. बागेत, शेतात किंवा होडीवर जाणाऱ्याने साखरेची पुडी प्लास्टिकच्या पिशवीत बांधून खिशात ठेवावी. नुसत्या कागदात ठेवलेली साखर आपल्याकडच्या दमट हवेत पाणी धरते.