मुलाच्या हातात आपलाच फोन देताना

बहुतेक घरांत मुलाला वेगळा फोन नसतो, आई-बाबांचाच फोन फिरतो. मग मुलाच्या वेगळ्या फोनवर लक्ष ठेवणाऱ्या गूगलच्या फॅमिली लिंक अ‍ॅपपेक्षा कामाचं ठरतं ते अँड्रॉइडमधलं 'अ‍ॅप पिनिंग', म्हणजे फोन एकाच अ‍ॅपवर अडकवून ठेवणं. सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत 'पिन' टाइप केलं की सहसा सापडतं. कंपनीनुसार नाव थोडं बदलतं. ते चालू करा आणि खालचा 'अनपिन करण्यापूर्वी पिन विचारा' हा पर्यायही चालू करा. हा चालू करायचा राहिला तर सगळं व्यर्थ! आता मुलाचा गेम उघडा, अलीकडच्या अ‍ॅप्सच्या पडद्यावर जा, गेमच्या आयकॉनवर टॅप करून 'पिन' निवडा. मूल तिथून व्हॉट्सअ‍ॅप किंवा गूगल पेमध्ये जाऊ शकत नाही. आयफोनवर हेच काम 'गायडेड अ‍ॅक्सेस' करतं.

मात्र यूट्यूब पिन केलंत तर आतलं सगळं यूट्यूब खुलंच राहतं, त्यासाठी यूट्यूब किड्स वेगळं घ्या. गेममधली खरेदीही याने थांबत नाही. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी लावा. आणि फोनचा पिन आधी बदला, जुना पोरांना पाठ असतोच.