डीएपीची वाट बघत बिनखताची पेरणी करू नका

मृग लागायच्या आत स्फुरद (फॉस्फरस) घरात येऊन पडलं पाहिजे, मग ते कोणत्याही गोणीतून येवो. सोयाबीनवाले दरवर्षी इथेच मार खातात. डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं खत) आज येईल, उद्या येईल म्हणत थांबायचं, वाफसा (पेरणीजोगी ओल) जायला नको म्हणून बिनखताचं पेरायचं आणि पंधरा दिवसांनी गोणी मिळाली की वरून फेकायची. स्फुरद जमिनीत जागचं हलत नाही. फेकलेलं वरच राहतं, मुळी खाली उपाशी.

टंचाईचं मूळ फार लांब आहे. आपला बराचसा डीएपी आणि तो बनवायचा कच्चा माल परदेशातून येतो. २०२१ च्या ऑक्टोबरपासून चीनने निर्यात आवळली, २०२२ मध्ये युक्रेन युद्धाने खतं भडकली, २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. सरकारने डीएपीची गोणी १,३५० रुपयांवर धरली, फरक तिजोरीतून भरला. २०२२-२३ मध्ये खत अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात गेलं. पण बांधलेल्या दरात परवडेनासं झालं की आयातदार माल कमी मागवतो. मग बाहेरची महागाई आपल्याला भावात दिसत नाही, रांगेत दिसते.

म्हणून सिंगल सुपर फॉस्फेट आत्ताच उचला, स्फुरद त्यातूनही मिळतं. परभणी कृषी विद्यापीठाच्या ३०:६०:३० (किलो नत्र, स्फुरद, पालाश) आणि २० किलो गंधक प्रतिहेक्टर या शिफारशीप्रमाणे एकरी:

- सुपर फॉस्फेट ३ गोण्या (१५० किलो)
- युरिया २६ किलो
- म्युरेट ऑफ पोटॅश २० किलो

गंधक सुपरमधूनच मिळतं, त्याची वेगळी महागडी पिशवी नको. हलक्या रानात सुपरवरचा दाणा जास्त टपोरा भरतो असं मला वाटतं. हा नजरेचा अंदाज आहे. युरिया आणि सुपर आदल्या दिवशी मिसळू नका, पाणी सुटतं. खत दोन चाड्यांच्या पाभरीने (एक चाडं बियाण्याचं, एक खताचं) बियाण्याच्या खाली पडू द्या.

बाकीचं:

- उगवण: १०० पैकी किमान ७० दाणे
- जिवाणू खतं रायझोबियम (नत्रासाठी), पीएसबी (स्फुरदासाठी): प्रत्येकी २५० ग्रॅम, १० किलो बियाण्याला
- ७५ ते १०० मिमी पावसाआधी पेरणी नाही

डीएपी मिळालाच, तर लिंकिंगला (खतासोबत दुसरा माल गळ्यात मारण्याला) बळी पडू नका. सोबत बाटली घ्यायची सक्ती कुणी केली, तर दुकानातल्या ई-पॉस यंत्राची पावती जोडून कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. गोणी फोडल्यावर चार दाणे चुना लावून तंबाखूसारखे तळहातावर मळा. नाकाला झोंबणारा वास आला पाहिजे. नाही आला, तर ती गोणी रानात नेऊ नका, नमुना तपासणीला द्या आणि सुपरवर पेरणी उरका.