तिसरीच्या वर्गात कागदी चादर विणायची तर आधी काय तयारी हवी

सगळ्यात आधी वहीत एक ओळ लिहून ठेवा : या उपक्रमातून मुलांना नेमकं काय यायला हवं? "कलेची आवड" असं लिहिलंत तर ती ओळ खोडा. "8 गुणिले 6 म्हणजे 6 ओळी, प्रत्येकीत 8 घरं" असं काहीतरी हवं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये कला आणि विषय यांची सांगड घालायला सांगितलंय, पण शाळेशाळेत ती सांगड भिंतीवर चिकटवण्यापुरतीच उरते. गणिताच्या तासाला विणायचं तर गणित विणकामाच्या आत असायला हवं.

आता माप. कार्डशीट 16 सेंमी बाय 16 सेंमी. मधोमध घडी घालून घडीच्या बाजूने दर 2 सेंमीवर 6 सेंमी लांब चीर द्यायची, कडेचे 2 सेंमी सोडायचे. उलगडलं की 8 उभ्या पट्ट्या तयार. चिरा मात्र 7च लागतात, आणि हे मुलांना आधी सांगायचं नाही. निम्मा वर्ग 8 चिरा देऊन 9 पट्ट्या करणार, म्हणून जादा कार्डं कापून ठेवा. आडव्या पट्ट्या दुसऱ्या रंगाच्या, 18 सेंमी लांब, 6 नग. त्यांची रुंदी 2 सेंमीपेक्षा केसभर कमी ठेवा, नाहीतर शेवटची पट्टी आत जातच नाही. एक चादर स्वतः घरी विणून बघा आणि घड्याळ लावा. मुलांना त्याच्या तिप्पट वेळ धरायचा, म्हणजे दोन तासिका सलग मागून घ्याव्या लागतील. मुख्याध्यापकांना तसं आठवडाभर आधी सांगा.

एक वर एक खाली विणलं की 48 घरांत दोन्ही रंग 24-24 दिसतात. खरी मजा दुसऱ्या मापात आहे : 7 उभ्या, 5 आडव्या. 35 घरं झाली, म्हणजे एका रंगाची 18 आणि दुसऱ्याची 17. कोणाचा रंग जिंकला? ज्याचा रंग चारही कोपऱ्यांत आला त्याचा. शेजारी बसलेल्या दोघांना उलट सुरुवात करायला लावा आणि गप्प बसा, भांडण ते स्वतःच सोडवतील. हे 14 सेंमीचं कार्ड हुशार मुलांसाठी राखून ठेवू नका, सगळ्यांना द्या.

सोलापुरात ताणा-बाणा (मागावरचे उभे-आडवे धागे) पुस्तकातून शिकवण्याची वेळ येऊ नये. पूर्व भागातल्या शाळेत तर यंत्रमागावर काम करणारे पालक हमखास असतात. त्यांना बोलवायचं तर मागाला सुट्टी कधी असते ते आधी विचारा, रोजगार बुडवून नको. येताना धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेतो तो) आणि त्यात बसणारी सुताची कांडी आणता आली तर उत्तम. धोटा बाकाबाकावर फिरू द्या. टोकं अणकुचीदार असतात, म्हणून बाकावर ठेवून बघायचा, फेकायचा नाही. घरी तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या मुलांना या वस्तूंची घरातली नावं फळ्यावर लिहायला सांगा. गणितात मागे राहणारं एखादं पोर इथे वर्गाला शिकवताना दिसेल.

बाकी किरकोळ. गोल टोकाच्या कात्र्या, दोघांत एक. मैद्याची खळ त्याच सकाळी शिजवा, उन्हाळ्यात ती आंबते. मार्चनंतर घेतलंत तर पंखा बंद करावा लागेल (पट्ट्या उडतात) आणि बंद पंख्याखाली कोणाचं डोकं चालत नाही, त्यामुळे जानेवारी-फेब्रुवारी बरा. त्यातही जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरात असताना नको, हजेरी पातळ असते.

तपासायचे तीन प्रश्नही आदल्या दिवशीच लिहा, त्यातला एक असा : 9 उभ्या पट्ट्यांना चिरा किती? उत्तर तोंडी घ्या, कार्ड हातात असतानाच. सुबकपणाला गुण नकोत. वाकड्या चादरीचा गुणाकारही बरोबर असू शकतो. उरलेल्या पट्ट्या पहिलीच्या बाईंकडे पाठवा, लांबीप्रमाणे क्रम लावायला त्यांना लागतातच.