बॉयलरचा दाब उतरलाय? पाणी भरा, पण ते गेलं कुठे तेही शोधा

रेडिएटर गार, बॉयलरवर एरर कोड, आणि दाबाचा काटा शून्याजवळ. घरातल्या हीटिंगची ही अगदी नेहमीची तक्रार. काटा वर आणायला दहा मिनिटं पुरतात, म्हणूनच बरेच जण तेवढ्यावर थांबतात. पण बंद यंत्रणेत तेच ते पाणी फिरत असतं, त्याला संपायचं काही कारण नाही. दाब उतरला म्हणजे पाणी कुठून तरी बाहेर गेलं, किंवा तापल्यावर ते फुगतं तेव्हा त्याला सामावायला ठेवलेली जागा निकामी झाली.

सुरुवातीलाच एक खुलासा. नळाला किंवा शॉवरला पाणी कमी येणं हा वेगळा विषय आहे. इथे बोलतोय ते बॉयलर, पाइप आणि रेडिएटर यांच्यात फिरणाऱ्या पाण्याच्या दाबाबद्दल. तुमच्या हीटिंगला माळ्यावरच्या छोट्या उघड्या टाकीतून पाणी येत असेल, तर हा लेख तुमच्यासाठी नाही.

१. काटा थंड असताना वाचा. हीटिंग बंद करून काही तास जाऊ द्या. बहुतेक घरगुती बॉयलरना थंड असताना १ ते १.५ बार (बार म्हणजे दाबाचं एकक) दाब लागतो. १ बार दाबाने पाणी साधारण १० मीटर उंच चढतं, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरपर्यंत ते पोचायला एवढा दाब पुरतो. यंत्रणा तापली की काटा २ च्या आसपास जाणं स्वाभाविक आहे. म्हणून गरम असतानाचा आकडा बघून निर्णय घेऊ नका. तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असतो.

२. भरण्याआधी घरभर नजर फिरवा. छताला ओल, रेडिएटरखाली डबकं किंवा बॉयलरमधूनच थेंब पडताना दिसले, तर पाणी भरू नका. बॉयलर बंद ठेवा आणि तंत्रज्ञाला बोलवा.

३. पाणी भरा. बॉयलरच्या खाली बहुधा जाळीदार धातूचं वेष्टन असलेली एक छोटी नळी असते, तिच्या दोन्ही टोकांना कॉक असतात. हा फिलिंग लूप. काही मॉडेलमध्ये त्याऐवजी चावी किंवा खटका असतो. बॉयलर बंद आणि थंड असू द्या. नळी दोन्हीकडे घट्ट बसली आहे ना बघा, एक कॉक पूर्ण उघडा आणि दुसरा अगदी हळू. पाण्याचा आवाज येईल, काटा चढू लागेल. १.२ च्या पुढे गेला की दोन्ही कॉक बंद करा. घट्ट बंद, कारण इथला निष्काळजीपणा पुढे उलटा त्रास देतो: दाब आपोआप चढत राहतो. नळी काढता येण्याजोगी असेल तर काढून टोपणं लावा, म्हणजे रेडिएटरमधलं घाण पाणी पिण्याच्या लाइनमध्ये शिरायचा मार्गच उरत नाही. चुकून जास्त भरलं गेलं, तर एखाद्या रेडिएटरमधून थोडं पाणी सोडा. मग बॉयलर रीसेट करा.

४. हवा काढा. रेडिएटर खाली गरम आणि वर गार लागत असेल तर आत हवा आहे. हीटिंग बंद करून, रेडिएटर गार झाल्यावर, खाली फडकं धरून वरच्या कोपऱ्यातला स्क्रू चावीने किंचित सैल करा. फुस्स आवाज थांबून पाणी आलं की आवळा. गंजामुळे आत हायड्रोजनही साठतो, त्यामुळे जवळ ज्योत नको. हवा काढली की दाब उतरतोच, तेव्हा काटा पुन्हा बघा. तुम्ही नुकतीच हवा काढली असेल आणि त्यानंतरच दाब उतरला असेल, तर बिघाड नाहीच. पाणी भरा आणि विसरा.

५. आता पाळत ठेवा. बॉयलरशेजारी एक कागद चिकटवा आणि तारीख, थंड आकडा, गरम आकडा लिहीत जा. वर्षातून एक-दोनदा भरावं लागलं तर चिंता नको. दर आठवड्याला लागत असेल तर दुखणं आहे, आणि ते कोणतं हे काट्याची चालच सांगते.

गरम झाल्यावर काटा ३ कडे झेपावतो आणि गार झाल्यावर शून्याकडे कोसळतो? मग संशय एक्स्पान्शन टाकीवर. १० अंशांवरून ७० अंशांपर्यंत तापताना पाणी सुमारे २ टक्के फुगतं, म्हणजे १०० लिटरमागे दोन लिटर. ही वाढ सामावायला टाकीत रबरी पडदा असतो, आणि त्याच्यामागे हवा. हवा निघून गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जागा उरत नाही. साधारण ३ बारला सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी भिंतीबाहेरच्या पाइपातून वाहून जातं. त्या पाइपाच्या तोंडाला रात्रभर प्लास्टिकची पिशवी सैलसर बांधून ठेवा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर चोर सापडला. मात्र तिथून कढत पाणी येऊ शकतं, हात जपा. एकदा उघडलेला हा व्हॉल्व्ह पुन्हा नीट बसेलच असं नाही, त्यामुळे टाकी दुरुस्त केल्यावर तोही तपासून घ्यावा.

गरम असो वा गार, काटा हळूहळू उतरतच राहतो? मग गळती. रेडिएटरचे व्हॉल्व्ह, सांधे आणि खालची कड यांवर टिश्यू पेपर फिरवा. गरम पाइपावरचा थेंब दिसण्याआधीच वाळतो, म्हणून हिरवट, पांढरे किंवा तांबूस डागही शोधा. काहीच सापडलं नाही, तर बॉयलर पूर्ण बंद करून त्याखालचे, रेडिएटरकडे जाणाऱ्या आणि तिथून परतणाऱ्या पाइपांवरचे दोन्ही व्हॉल्व्ह रात्रभर मिटवा. तरीही काटा पडला तर दोष बॉयलरच्या बाजूला. टिकला, आणि व्हॉल्व्ह उघडल्यावर पुन्हा उतरू लागला, तर पाइप किंवा रेडिएटरमध्ये. हे व्हॉल्व्ह उघडल्याशिवाय बॉयलर सुरू करायचा नाही.

कंडेन्सिंग बॉयलरमध्ये, म्हणजे धुरातली वाफ गार करून तिचीही उष्णता वापरणाऱ्या बॉयलरमध्ये, हीट एक्स्चेंजरला (ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागाला) चीर गेली तर पाणी गुपचूप निचऱ्याच्या पाइपातून जातं, आणि घरात ओलीचा मागमूसही नसतो.

रोज थोडं पाणी भरून दिवस ढकलू नका. प्रत्येक ताज्या पाण्यासोबत ऑक्सिजन आत येतो, रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ साचतो आणि गंजरोधक द्रावण पातळ होत जातं. गळती बुजवणारी द्रव्यंही मिळतात. माझ्या मते तो शेवटचा उपाय, आणि टाकी तपासण्याआधी तर नाहीच.

बॉयलरचं झाकण मात्र स्वतः उघडू नका. गॅसच्या उपकरणाचं आतलं काम परवानाधारक तंत्रज्ञाचंच. गॅसचा वास आला तर दिव्याच्या बटणालाही हात न लावता खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि तिथून फोन करा.

तंत्रज्ञ आला की तो कागद त्याच्या हातात द्या. टाकीतली हवा मोजताना यंत्रणेतला पाण्याचा दाब शून्यावर आणला होता का, हेही विचारा. तसं न करता घेतलेला आकडा टाकीतल्या हवेचा नसतो, पाण्याच्या दाबाचाच असतो.