'पित्त झालंय' म्हणून रात्र काढू नका: हार्ट अटॅकच्या या चुका टाळा

छातीत दुखायला लागलं की आपल्याकडे आधी पित्ताचं नाव निघतं. रात्रीच्या ठेच्यावर खापर फुटतं, कुणी ओवा चावायला देतं, कुणी लिंबू-सोडा करून आणतं, आणि 'सकाळी बघू' म्हणत घर झोपतं. सगळ्यात महाग पडते ती हीच चूक. रक्ताची गाठ अडकून हृदयाची रक्तवाहिनी बंद झाली की हृदयाचा स्नायू मरायला लागतो आणि मेलेला भाग पुन्हा उभा राहत नाही. छातीवर दडपण, कळ हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, दम लागणं यातलं काही असेल तर ईसीजी त्याच रात्री काढायचा. बायकांना आणि शुगरवाल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसती मळमळ होते, दम लागतो, गळून गेल्यासारखं वाटतं. 'उन्हात खुरपून थकली असंल' म्हणून सोडून देऊ नका.

निघायचं ठरलं तरी मोटरसायकल निघते. पेशंट मधोमध आणि मागून धरायला पुतण्या! खड्ड्यांतून तोल सावरत बसायचा ताण त्याच हृदयावर येतो, आणि वाटेत ठोके थांबले तर दोघं काय करणार? १०८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत. शेजाऱ्याची जिभेखाली ठेवायची गोळी मनाने देऊ नका. बीपी आधीच उतरलेलं असेल तर ते आणखी घसरतं.

पुढचा हट्ट थेट लातूर नाहीतर संभाजीनगर गाठायचा, वाटेतलं सरकारी रुग्णालय मागे टाकून. गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण १२ तासांच्या आत देतात, पण त्याचा खरा गुण पहिल्या दोन-तीन तासांत. ते जवळ कुठे मिळतं, हे आजच विचारून ठेवा. आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी परतू नका. थोड्या वेळाने तो पुन्हा काढतात, रक्तात ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) तपासतात.

बीपी नॉर्मल आलं की गोळी बंद करणारे घरोघरी आहेत. अहो, नॉर्मल आलं ते गोळीमुळेच! उपवासाच्या दिवशीही ती चुकवू नका. उपाशीपोटी कोणती चालते ते डॉक्टरांना विचारा, शुगरची गोळी असेल तर नक्कीच. स्टेंट (रक्तवाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी) टाकलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर सोडली तर स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते.

तंबाखूचं तर विचारूच नका. सिगारेट ओढत नाही म्हणून माणूस निर्धास्त, आणि तळहातावर चुना-तंबाखू मळणं दिवसभर चालू. निकोटीन तोंडातूनही रक्तात जातं, नाडी आणि बीपी वाढवतं. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पुडी तरीही मिळते. घरातल्या बाईची मिश्री मात्र कुणी तंबाखूत धरत नाही. डॉक्टरांनी विचारलं की तीही सांगा.