चकलीची कढई चढवण्याआधी

भाजणी, तेल, ओवा, तीळ सगळं आणून झालं असेल तर आता पाण्याचं बघा. भाजलेल्या जागेवर 20 मिनिटं गार पाणी सोडायचं असतं, आणि आमच्याकडे नळ येतो सकाळी तासभर. चकल्या तळायच्या दुपारी. म्हणून मोरीत दोन बादल्या भरून वर तांब्या ठेवायचा आणि त्या पाण्याला भांड्यांसाठी कोणी हात लावायचा नाही, हे घरात बजावून सांगायचं. पाणी साधंच, बर्फ नको. त्याने होरपळलेल्या कातडीला आणखी इजा होते. पाच मिनिटांत आग शमल्यासारखी वाटते आणि माणूस उठतो, तेव्हा घड्याळ समोर असू द्या. लगेच जमलं नाही तरी पहिल्या तीन तासांत पाण्याचा उपयोग होतो.

मग हातातलं सोनं. तळायला बसण्याआधीच ते डबीत जाऊ दे. दोन वर्षांपूर्वी करंजी फुटली आणि आईच्या मनगटावर तेल उडालं. आम्ही धावत जाऊन टूथपेस्ट फासली, पाटली तशीच हातात. बघता बघता मनगट असं सुजलं की पाटली फिरेना. शेवटी कापूनच काढावी लागली. आणि दवाखान्यात ती वाळलेली पेस्ट ओल्या बोळ्याने काढताना आई जशी ओरडली, तशी भाजतानाही ओरडली नव्हती. तेव्हापासून टूथपेस्ट, हळद, तूप, शाई, कणीक सगळं बाद.

औषधाच्या डब्यात पॅरासिटामॉल आणि निर्जंतुक गॉज हवं. गॉज नसेल तर धुतलेलं मऊ सुती फडकं चालतं. कापूस थेट ठेवू नका, तंतू चिकटतात. फोड आला तर फोडायचा नाही. कपडा चिकटला असेल तर ओढायचा नाही.

अंगावर सुती कपडे, नायलॉनचा गाऊन नको. कढईत तेल अर्ध्यापर्यंतच, आणि तिच्यावर नीट बसेल असं झाकण हाताशी. तेल पेटलं तर गॅस बंद करून झाकण टाकायचं, पाणी अजिबात नाही. पोरांना बाहेर पिटाळा.

भाजलेली जागा त्या माणसाच्या स्वतःच्या पंजापेक्षा मोठी असेल, चेहरा, हात, पाय, सांधा किंवा जांघ भाजली असेल, कातडी पांढरी किंवा काळी पडली असेल, किंवा भाजलंय ते लहान मूल असेल, तर घरी उपाय करत बसू नका. पाणी सोडता सोडता 108 लावा.

आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं ते डब्याच्या झाकणावर लिहून ठेवा. डॉक्टरांनी आईला तेच विचारलं, तर ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा पोटात होता तेव्हा."