कामट्यांचं नखेत्र आणि नाताळचा गोठा: कसं करायचं, आणि असंच का

डिसेंबर लागला की पणजी-म्हापशाच्या दुकानांत तयार तारे लटकायला लागतात आणि मोबाइलवर 'पाच मिनिटांत ख्रिसमस स्टार' असले व्हिडिओ फिरायला लागतात. पाच मिनिटांत नखेत्र, म्हणजे आमच्या गोव्यातला ताऱ्याच्या आकाराचा नाताळचा कंदील, होत नाही. पहिलं करताना दोन संध्याकाळी जातात. सवय झाली की एक पुरते, तीही बांबूच्या कामट्या आधी सोलून ठेवल्या असतील तर.

मी हिंदू घरातला. पण आमच्या वाड्यावर अर्धी घरं ख्रिश्चनांची, आणि दिवाळीचा आकाशकंदील व नाताळचं नखेत्र एकाच कोयत्याखालून निघतं. मला ते शेजारच्या मेस्तांनी शिकवलं. मेस्त म्हणजे सुतार, हे गोव्याबाहेरच्यांसाठी सांगतो. 'नाताळ' हा शब्दही आपण रोज वापरतो, पण तो पोर्तुगीज 'नाताल'वरून आला आहे. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला जन्म. वास्को द गामाने १४९७ च्या नाताळात आफ्रिकेचा एक किनारा पाहिला आणि त्यालाही नाताल हेच नाव दिलं.

सुरुवात नखेत्रापासून नाही, नाचणीपासून करायची. बारा-तेरा डिसेंबरला पसरट ताटलीत दोन बोटं माती घाला, रात्रभर भिजवलेली नाचणी दाट पेरा आणि रोज पाणी शिंपडा. घटस्थापनेला रुजवण घालतात, तेच हे. चोवीस तारखेपर्यंत गोठ्यापुढचं, म्हणजे येशूच्या जन्माच्या देखाव्यापुढचं, शेत तयार होतं.

आता कामट्या. एका नखेत्राला १०२ सेंटिमीटरच्या दहा आणि २० सेंटिमीटरच्या पाच. लांब कामटी बोटभर रुंद आणि तीन-चार मिलिमीटर जाड. सोलून झाल्या की दोन दिवस सावलीत ठेवा. नंतर प्रत्येक कामटी दोन्ही टोकांना धरून वाकवून पाहा. दहाही सारख्या कमानीत वाकल्या पाहिजेत. जी अडून बसते ती पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूने, आणखी तासा. हे टाळलंत तर नखेत्र एका बाजूला फुगतं आणि दुसरीकडे चपटं राहतं, मग कितीही दोरा गुंडाळा.

इथून पुढे खरी गोम आहे. याच जागी मी तीन वर्षं आपटलो.

व्हिडिओतला माणूस पाच काड्या टेबलावर ठेवतो, इकडेतिकडे सरकवतो आणि 'झाला तारा' म्हणतो. काड्या वीतभर असतील तर नजरेवर भागतं. मीटरभर कामट्यांना भागत नाही. माझं पहिलं नखेत्र मी असंच अंदाजाने बांधलं. एक पाय लांब, एक आखूड, मधला पंचकोन भाकरीसारखा वेडावाकडा. बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या पडवीत, टांगलं आणि मेस्तांना बोलावलं. त्यांनी मान कलती करून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "बरें जालां, पूण चलपाक भायर सरलां कशें दिसता." म्हणजे चांगलं झालंय, पण चालायला निघाल्यासारखं दिसतंय. त्या वर्षी ते तसंच चालत राहिलं.

उपाय एका आकड्यात आहे: ३८. कामटीच्या प्रत्येक टोकापासून एक सेंटिमीटर आत एक खूण करा, तिथे टोकाची गाठ येईल. या दोन खुणांमध्ये बरोबर एक मीटर उरतो. त्या प्रत्येक खुणेपासून आत ३८ सेंटिमीटरवर दुसरी खूण, म्हणजे मध्ये २४ उरतात. पाच टोकांचा सारखा तारा काढला की कामट्या एकमेकींना याच जागी छेदतात. ही भूमिती आहे, माझं मत नाही. नखेत्र लहान हवं असेल तर गाठीपासून गाठीपर्यंतच्या लांबीला ०.३८२ ने गुणा. दहाही कामट्यांवर खुणा आधी करून घ्या, बांधता बांधता मोजत बसू नका.

आता विणायचं. हो, विणायचं. एकावर एक रचून ठेवलेला तारा दोऱ्याच्या जिवावर उभा असतो, विणलेला स्वतःच्या जिवावर. दोन कामट्या वरच्या टोकाला सैल बांधून पाय फाकवून ठेवा. तिसरी आडवी घाला: डाव्या पायावरून, उजव्या पायाखालून. चौथी आडवीच्या डाव्या टोकापासून निघून उजव्या पायाच्या तळाशी जाते, तिला डाव्या पायाखालून काढा. पाचवी आडवीच्या उजव्या टोकापासून डाव्या पायाच्या तळाशी. ती उजव्या पायावरून न्या आणि चौथीच्या खालून सरकवा. आता प्रत्येक कामटी एकीच्या वर आणि एकीच्या खाली आली पाहिजे. कुठे दोनदा वर दिसली तर चुकलं, सोडा आणि पुन्हा घाला.

टोकं आधी आवळू नका. मी नेमकं हेच करायचो, कारण टोकं आवळली की तारा 'झाल्यासारखा' दिसतो. पाचही टोकं सैल, मग आत खुणेवर खूण बसवायची, आतल्या पाच गाठी पक्क्या, आणि शेवटी टोकं. जाड सुती दोरा घ्या. पतंगाचा मांजा बोटंही कापतो आणि कामटीही. गरम गोंदाची बंदूक तर ठेवूनच द्या. पुढच्या टप्प्यात कामट्या वाकतात आणि तो गोंद टकाटक सुटतो.

असे दोन सपाट तारे झाले की कामट्यांच्या पाठी बाहेर येतील असे एकमेकांवर ठेवून फक्त पाच टोकं जोडा. आतले सांधे मोकळे राहू द्या. त्या समोरासमोरच्या सांध्यांमध्ये २० सेंटिमीटरच्या काठ्या उभ्या करायच्या, दोन्ही टोकांना खाच पाडून. इथे धीर सुटतो. ओळीने एकाशेजारी एक काठी घालत गेलात तर तिसऱ्या-चौथ्या काठीला सगळा ताण एका अंगाला येतो आणि कामटी मोडते. माझी मोडली ती तेवीस डिसेंबरला रात्री अकरा वाजता, गुडघ्याखाली नखेत्र दाबून धरलेलं असताना. त्या हिसक्याचा वळ हातावर आठवडाभर होता. मेस्त दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "सवकास." चाकाचे नट आवळताना एक सोडून एक घेतात, तसंच इथे. पहिली, तिसरी, पाचवी, मग दुसरी, चौथी. प्रत्येक काठी आधी तिरकी घालायची आणि हळूहळू उभी करायची. पाचवी बसते तेव्हा सबंध सांगाडा टणक होतो आणि बोटाने टिचकी मारली की डमरूसारखा आवाज येतो. तो आवाज आला नाही तर कुठेतरी गाठ सैल आहे.

टोकं पाचच का, याचं उत्तर बायबलात शोधू नका. पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांना वाट दाखवणारा तारा मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, पण त्याला टोकं किती होती हे तिथे लिहिलेलं नाही. पाच कामट्या एकमेकींना धरून ठेवतात म्हणून बांबूच्या देशांत पाच. फिलिपिन्समधला पारोलही असाच, बांबू आणि कागदाचा. जर्मनीत नीस्की गावच्या मोरेव्हियन पंथाच्या शाळेत एकोणिसाव्या शतकात मुलांना भूमिती शिकवायला कागदी तारे करून घेत. त्यातून पुढे २६ टोकांचा तारा प्रसिद्ध झाला. ३८ चा आकडा डोक्यात बसल्यावर त्या मुलांबद्दल मला फार माया वाटते.

कागद लावणं सोपं. पुढून-मागून पाच-पाच त्रिकोण आणि एकेक पंचकोन, बाजूंचे दहा त्रिकोण, एकूण बावीस तुकडे. मैद्याची खळ वापरा आणि कडा कामटीवरून दुमडा. खालचा एक बाजूचा त्रिकोण दिव्यासाठी उघडा ठेवा. आत एलईडीच लावा. जुना पिवळा बल्ब कागदाला टेकला की काय होतं ते करून पाहू नका. आणि पतंगाचा कागद लावलेलं नखेत्र उघड्यावर आंब्याच्या फांदीला टांगू नका. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे दव एवढं पडतं की दोन रात्रींत कागद लोंबायला लागतो. बाल्कांवाच्या छपराखाली ठीक. बाहेरच टांगायचं असेल तर जिलेटिन पेपर. रंग म्हणाल तर पांढरा, फार तर टोकांना लाल. सात रंगांचं नखेत्र दिवसा छान दिसतं, पण ते दिवसा कोण बघतो?

आता गोठा. कोंकणीतही गोठोच. पेटी, पेंढा, चिखलाचे डोंगर, मातीच्या बाहुल्या, हे सगळं तुम्हाला जमेल. मी फक्त चुकतं तेवढं सांगतो.

कापसाचं बर्फ घालू नका. बेथलेहेमात बर्फ क्वचित पडतं, आणि लूकच्या शुभवर्तमानात मेंढपाळ त्या रात्री उघड्या रानात कळप राखत बसलेत. आपली नाचणीची हिरवळ त्या गोष्टीला कापसापेक्षा जास्त शोभते. गंमत म्हणजे लूकने गोठ्याचा उल्लेखच केलेला नाही. आहे ती गव्हाण. गुरांना वैरण घालायची. गोठा लोकांनी त्या गव्हाणीभोवती नंतर उभा केला. बैल आणि गाढवही शुभवर्तमानात नाहीत. ते आले बायबलातल्याच यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून, जिथे बैल आपल्या धन्याला ओळखतो आणि गाढव धन्याची गव्हाण. असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीत ग्रेच्चो गावी खरी गव्हाण, खरा बैल आणि खरं गाढव उभं करून नाताळ केला. आजच्या गोठ्याची परंपरा तिथून जगभर पसरली. तेव्हा गोठ्यात एक प्राणी कमी पडला तर मेंढरू कमी करा, बैल-गाढव नको.

बाळ आधी ठेवायचं नाही. हे बाहेरून शिकलेल्यांना हमखास चुकतं. चोवीसच्या मध्यरात्रीपर्यंत गव्हाण रिकामी. मिसेहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, आल्यावर घरातलं सगळ्यात लहान पोर बाळाला पेंढ्यावर ठेवतं, निदान आमच्या शेजारी तरी असंच चालतं. त्या मध्यरात्रीच्या मिसेला पोर्तुगीजमध्ये 'कोंबड्याची मिस' म्हणतात.

तीन राजांचंही, म्हणजे त्या पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांचंही, तेच. मत्तय त्यांना राजे म्हणत नाही आणि तीन असंही म्हणत नाही. सोनं, ऊद आणि गंधरस अशी नजराणी तीन, म्हणून माणसं तीन. शिवाय ते पोहोचतात तेव्हा बाळ घरात असतं. म्हणून त्यांना चोवीसला गोठ्यात कोंबू नका. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, टीव्हीच्या टेबलावर ठेवा आणि रोज थोडे पुढे सरकवा. सहा जानेवारीला, म्हणजे तीन राजांच्या फेस्ताला, ते गोठ्यात पोहोचले पाहिजेत. त्याच दिवशी दक्षिण गोव्यातल्या कुयेलीच्या टेकडीवर खरी मुलं राजांचा पोशाख घालून घोड्यावरून चॅपेलात येतात. मुलांना हे सरकवणं फार आवडतं. आमच्याकडे एका वर्षी एक राजा फ्रीजवरून आला.

ख्रिसमसच्या झाडाबद्दल मी जास्त बोलणार नाही. ते जर्मनीतून आलं. राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात छापून आलं आणि मग ते घरोघर गेलं. गोव्यात त्या जागी सुरूची फांदी बादलीत रोवायची पद्धत आहे. प्लास्टिकच्या झाडापेक्षा तिला वास तरी येतो.

पंचवीसला शेजारून ताट येईल, कोन्सुआद. त्यात नेवऱ्या, दोदोल, कुलकुल आणि चण्याचं दोस. ते ताट रिकामं परत करायचं नाही, हे कुणी शिकवायला नको.

सहा जानेवारीनंतर नखेत्र उतरवा. कागद फाडून टाका आणि पाच उभ्या काठ्या काढा, त्याच क्रमाने, एक सोडून एक. सांगाडा पुन्हा सपाट होतो. काठ्यांची जुडी त्यालाच बांधा आणि माळ्यावर टांगून ठेवा. जमिनीवर टेकवाल तर वाळवी धरेल. आमचा आत्ताचा सांगाडा अकरा वर्षांचा आहे, आणि दर दिवाळीला त्यालाच भगवा कागद लागतो.